तिमण्णा धोत्रेची सही

साहेब, तिमण्णा धोत्रेच्या उजव्या हाताची तीन बोटं तुम्ही मोडलीत. काठी हवालदाराची होती, टेबल पोलीस ठाण्याचं होतं आणि तुम्ही शेजारच्या खोलीत चहा पीत बसला होता. हे सगळं मला माहीत आहे, कारण मी तिथंच उभा होतो. तरी बोटं तुम्हीच मोडलीत. माझा वाटा किती, तो पुढं येईलच. लपवणार नाही. पण आधी तुमचा.

वीस वर्षं गप्प होतो. मागच्या महिन्यात वडे बांधून आलेल्या पेपरच्या तुकड्यावर तुमचा फोटो निघाला. शाल, नारळ, 'प्राचार्यांचा सत्कार' आणि खाली भाषण. 'आमच्या महाविद्यालयात ग्रंथालयानं विद्यार्थ्यांची गळती थांबवली.' तेलानं अक्षरं आरपार झाली होती, तरी वाचता आली. वडे तसेच राहिले.

कशी थांबवली ते आता मी सांगतो.

जानेवारीतल्या त्या सोमवारी अकराच्या सुमाराला पहिला दगड आला. वर्तमानपत्रांच्या टेबलावर पडला आणि घरंगळत कपाटाखाली गेला. दुसऱ्यानं खिडकीची अख्खी काच आत आणली. मी शिडीवर होतो, वरच्या फळीवरचे जाड कोश पुसत. गुरुवारी तपासणी समिती येणार होती, आणि वीस वर्षांत कुणी न उघडलेले कोश चमकले पाहिजेत असा तुमचा हुकूम होता.

"दशरथ, खाली उतर!" ग्रंथपाल बनसोडे मॅडम ओरडल्या.

मी उतरेपर्यंत दार लाथेनं उघडलं होतं. पुढं धनराज. तुमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. मागं सहा-सात पोरं, दोघांच्या हातात हॉकीच्या काठ्या.

अर्ध्या तासापूर्वी हाच धनराज काउंटरवर आला होता. परीक्षेच्या फॉर्मला लायब्ररीचा दाखला लागायचा, की या मुलाकडं आमचं एकही पुस्तक बाकी नाही.

"मॅडम, दाखल्यावर सही."

"काकांच्या चिठ्ठीवर नेलेली अकरा पुस्तकं आहेत तुझ्याकडं."

"हरवली."

"अकराच्या अकरा?"

"घरी म्हैस आहे. तिनं खाल्ली." मागची पोरं खिदळली.

मॅडमनी चष्मा काढला. "मग म्हशीला घेऊन ये. दाखला तिला देते. तिनं निदान पोटात तरी घातली."

वाचनालयात दहा-बारा मुलं बसली होती, ती सगळी हसली. दोन मुलीही हसल्या. धनराजला मुली हसलेल्या चालल्या नाहीत. एवढंच झालं होतं.

आता त्यानं पहिल्यांदा कार्डांची कपाटं धरली. ती छोट्या खणांची लाकडी कपाटं आठवतात, साहेब? प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड. मॅडमच्या हातची चौदा हजार कार्डं. एकेक खण ओढून पोरं भिंतीवर फेकत होती. बसलेली मुलं मागच्या दारानं पळाली. एक काठी काउंटरच्या काचेवर बसली, दुसरी माझ्या बरगडीवर. मी धनराजची कॉलर पकडली, त्यानं डोक्यानं माझं नाक फोडलं. रक्त तोंडात उतरलं. खाली पडलो तेव्हा मला दिसलं, मॅडम काउंटरवरच्या एका लांबट ट्रेवर पालथ्या पडल्या होत्या, लेकराला पोटाशी धरावं तशा. धनराजनं मुठीएवढा दगड उचलला आणि चार हातांवरून मारला. भुवईच्या वर. ट्रेमधली कार्डं लाल झाली.

त्या ट्रेबद्दल सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

प्रत्येक मुलाची दोन कार्डं आमच्याकडं असायची. दर शनिवारी मॅडम ट्रे पुढ्यात घ्यायच्या आणि पंधरा दिवसांत जी कार्डं हललेली नाहीत ती बाजूला काढायच्या. नाव एका निळ्या वहीत लिहायच्या आणि मला म्हणायच्या, "दशरथ, सायकल काढ. पुस्तक मागायला आलोय असं सांग. पण पुस्तक नाही आणलंस तरी चालेल, पोरगं आण."

मी जायचो. कुणाची आई आजारी असायची. कुणी गुऱ्हाळावर लागलेलं असायचं. एका मुलीला एसटीचा पास संपला हे घरी सांगायची लाज वाटत होती, म्हणून ती महिनाभर घरीच होती. मॅडम कुणाला वर्षभरासाठी पुस्तकं द्यायच्या. कामावर जाणाऱ्यांसाठी लायब्ररी सकाळी सातला उघडायच्या. त्यासाठी मी सहाला उठायचो आणि शिव्या घालायचो. सहा वर्षांत एकोणीस पोरं परत आणली. त्यातला एक आज शिक्षक आहे, एक नर्स. मला, आठवी नापास शिपायाला, वाचायची सवय लागली तीही तिथंच. मॅडम म्हणायच्या, पुसतोस ते पुस्तक उघडून पुस.

आणि त्या वर्षी जूनमध्ये तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत. "शिपाई गावभर सायकलवर हिंडतो. हे ग्रंथालय आहे की वसुली खातं? उद्यापासून बंद."

ऑगस्टमध्ये पुन्हा बोलावलंत. टेबलावर नवं कोरं हजेरी रजिस्टर होतं. लायब्ररीत येणाऱ्यानं नाव लिहून सही करायची, अशी पद्धत.

"रोज किती येतात, सोनटक्के?"

"तीस-चाळीस, साहेब."

"दीडशे दिसले पाहिजेत. समिती आधी तेच पान उघडते. बाईंना हे जमणार नाही, त्यांचं तत्त्वाचं दुकान आहे. तुझं अक्षर बरं आहे म्हणतात."

मी रजिस्टरची कोरी पानं चाळली.

"अकरा वर्षं रोजंदारीवर आहेस ना? कायम करायची ऑर्डर टाईप करून ठेवली आहे. समिती गेली की सही करतो."

मी विचारलं, "नावं कुणाची घालू?" लाज वाटली नाही मला. तेवढंच विचारलं.

त्यावर तुम्ही जे बोललात ते मी कोळशानं भिंतीवर लिहावं तसं डोक्यात लिहून ठेवलंय. "जे कॉलेज सोडून गेलेत त्यांची घाल. येणारी पोरं उद्या विचारतील, मी आलोच नव्हतो, माझी सही कशी? गेलेली पोरं विचारायला येत नाहीत. शिवाय पटावर ती टिकलेली दिसतात."

पाच पेनं आणली. काळं, निळं, एक जाड, एक अडखळणारं. काही सह्या डाव्या हातानं करायचो. मुलांच्या खऱ्या सह्या कार्डांवरून बघून गिरवल्या. दर रविवारी लायब्ररी बंद असताना आत बसून पुढच्या आख्ख्या आठवड्याची पानं भरून टाकायची, म्हणजे सोमवार ते शनिवार कटकट नको. रोज खरे येणारे उरलेल्या रकान्यांत सह्या करायचे. रजिस्टर दाराशी माझ्याच ताब्यात असायचं; समितीच्या असल्या कागदांना मॅडम हात लावत नसत. दहा-बारा सह्या घातल्या की हात बसायचा. सर्वांत चांगली जमायची तिमण्णा धोत्रेची. 'ति'ची वेलांटी तो छत्रीसारखी लांब ओढायचा.

तिमण्णा बी. ए. दुसऱ्या वर्षाला होता. वडाराचा. गावाबाहेर सहा किलोमीटरवर दगडाची खाण, तिथं त्याचं घर. जुलैत सुरुंगाचा दगड बापाच्या गुडघ्यावर पडला, आणि पोरगं घण घेऊन उभं राहिलं. कॉलेजात यायचं थांबलं. मॅडमच्या वहीत त्याचं नाव जुलैच्या शेवटच्या शनिवारी आलं. सायकल बंद होती, म्हणून मॅडमनी तुम्हाला अर्ज केला. त्या अर्जाचं पुढं सांगतो.

सोमवारकडं येतो. धनराजची टोळी गेल्यावर दहा मिनिटांनी तुम्ही आलात. मॅडमना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात पाठवलं. मग माझ्या नाकातलं रक्त बघत तुम्ही विचारलंत, "कोण होते?"

"धनराज आणि त्याची पोरं."

"तू शिडीवर होतास. वरून काय दिसणार?"

"साहेब, त्यानं माझं नाक—"

"दगड बाहेरून आले," तुम्ही म्हणालात. "गर्दी होती. चेहरे दिसले नाहीत. ऑर्डर माझ्या खणात आहे, सोनटक्के."

मग फौजदार आले. काचांवरून बूट कचाकचा वाजवत फिरले. "आत कोण कोण होतं?"

आणि तुम्ही, साहेब, स्वतःच्या हातानं रजिस्टर पुढं केलंत. घाईत तुम्हीही विसरलात त्यात काय आहे ते. की विसरला नव्हता? हे मला आजही कळलेलं नाही.

फौजदारांनी सोमवारचं पान उघडलं. बोट वरून खाली फिरवत गेले. पाटील, देशमुख, जगताप, मोरे. बोट थांबत नव्हतं. मग थांबलं.

"धोत्रे. वडार का?"

"हो," तुम्ही म्हणालात.

"खाणीवरचा?"

"हो, पण हुशार मुलगा आहे तसा."

"दगडात हुशार असणारच." फौजदार हसले. शिपायांकडं वळून म्हणाले, "गाडी काढा रे. दगड कुणाच्या हातातला ते दगडवाल्यालाच विचारू."

माझ्या पायाशी मॅडमच्या रक्ताची कार्डं पडली होती. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. मी कार्डं गोळा करत राहिलो.

मंगळवारी दहाला मला ठाण्यात जबानीसाठी बोलावलं. तिमण्णाला खाणीवरून उचललं होतं तसाच आणला होता. भुवयांपर्यंत पांढरी दगडाची भुकटी. रात्रभर कोठडीत होता, ओठ फुटलेला, एक डोळा मिटलेला. भुकटीवर रक्ताचे ओघळ वाळले होते. मला बघून म्हणाला, "मामा, तुम्ही कसे?" म्हणजे माझी विचारपूस केली त्यानं.

हवालदारानं त्याचा उजवा हात ओढून टेबलावर ठेवला. तळवा उताणा केला. "बघा साहेब, घट्टे बघा. दगडाशिवाय येतात का असले?"

रजिस्टर पुढं सरकवलं. "ही सही कुणाची?"

आता हा म्हणणार, माझी नाही, मी सहा महिने कॉलेजात पाऊल ठेवलं नाही. मग माझ्याकडं बघतील. मला भीती वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं.

तिमण्णा पानाकडं बघत राहिला. हवालदारानं मागची पानं उलटली. शनिवार, शुक्रवार, डिसेंबर, नोव्हेंबर. "रोज येतोस की रे! एक दिवस खाडा नाही. पुस्तकातला किडा हाय का तू?"

तिमण्णाचा उघडा डोळा त्या पानांवरून फिरला. प्रत्येक पानावर ती छत्रीसारखी वेलांटी. त्यानं मान वर केली.

"माझीच हाय."

मी दचकलो.

"सोमवारी लायब्ररीत होतास?"

"व्हतो."

"दगड मारलेस?"

"न्हाई. वाचत बसलो व्हतो."

"काय वाचत होतास?" फौजदारांनी हसत विचारलं.

"अर्थशास्त्र. पान एकशे बारा."

पहिली काठी मनगटावर बसली. "बरोबर कोण कोण होतं? नावं सांग."

साहेब, तो तिथं नव्हताच. नावं कुठून सांगणार? ज्याला माहीत असतं तो दोन काठ्यांत बोलतो आणि सुटतो. ज्याला काहीच माहीत नसतं, त्याच्या मारालाच शेवट नसतो. दुसरी काठी बोटांवर आली. मला आवाज आला, वाळकं काटूक मोडावं तसा. तिमण्णा ओरडला नाही, नुसतं "आये" म्हणाला. हवालदारानं तोच हात परत सपाट केला आणि पुन्हा मारलं. शेजारच्या खोलीतून तुमच्या कपबशीचा आवाज येत होता.

फौजदारांनी मला विचारलं, "काय हो, लायब्ररीवाले, रोज येतो का हा?"

आणि मी मान हलवली. होय म्हणून. तो स्वतःच म्हणतोय ना माझी सही, मग मी कशाला मरू? हा माझा वाटा, साहेब. पुरा लिहिला.

बाहेर आलो तर पाय घराकडं वळेनात. दवाखान्यात गेलो. मॅडमच्या कपाळावर सात टाके होते, पट्टीखाली डोळा काळानिळा. उशाला निळी वही. ती त्यांनी रक्ताच्या पदराखालून दवाखान्यात आणली होती.

"कुणाला धरलं?" त्यांनी विचारलं.

"तिमण्णाला."

"कुठल्या तिमण्णाला?"

"आपल्या. धोत्रे."

त्या उठून बसल्या. "तो तर जुलैपासून खाणीवर आहे! कॉलेजात आलाच नाही. त्याला कसा धरला?"

मी खाली बघितलं. बाईंनी माझ्या बोटांकडं बघितलं. शाई होती. रविवारची शाई मंगळवारपर्यंत जात नाही.

"तू लिहिलंस."

"हो."

त्यांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. "दर रविवारी?"

"हो."

"दर रविवारी तू त्याची सही करत बसलास. खाण सहा किलोमीटरवर आहे, दशरथ. साहेबांनी नोकरीच्या वेळेत बंदी केली होती. रविवारी तुझे पाय कुणी बांधले होते?"

मी शाईची बोटं सदऱ्याला पुसली.

त्यांनी वहीतून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या खिशात कोंबला. "मी आले तर म्हणतील बाईनं शिकवून आणलं. तू एकटा जा. आणि जायला वेळ लावू नकोस, त्याची परीक्षा आहे."

परत ठाण्यात शिरलो तेव्हा तुम्ही फौजदारांच्या समोर बसला होता. रजिस्टर मधोमध. तिमण्णा भिंतीशी उकिडवा, उजवा हात डाव्या हातात धरलेला. हात सुजून फुगला होता.

"आता काय?" फौजदार म्हणाले.

"साहेब, पान उलटा."

"काय?"

"तुम्ही सगळ्यांनी मागची पानं उलटली. पुढचं उलटा."

तुमचा चेहरा तेव्हा पांढरा झाला. तुम्हाला आठवलं. फौजदारांनी पान उलटलं. मंगळवार, आजची तारीख. दीडशेपैकी शंभरावर सह्या तयार. सातव्या ओळीत तिमण्णा धोत्रे.

"आज हा तुमच्या कोठडीत आहे," मी म्हणालो, "आणि आजच लायब्ररीतही आलाय. अजून उलटा. उद्या बुधवारीही आलाय. गुरुवारी समिती येणार, त्या दिवशीही आलाय. शनिवारपर्यंत येऊन गेलाय तो. सह्या माझ्या आहेत. सगळ्या. दगड धनराजनं मारले, मी डोळ्यांनी बघितलं."

फौजदार मोठ्यानं हसले. हसत हसत उठले आणि माझ्या कानाखाली अशी वाजवली की मी खाली पडलो. आधीच फुटलेलं नाक परत वाहू लागलं. "सकाळी मान हलवताना काय शेपूट हलवत होतास काय रे भडव्या?" बुटाची लाथ सोमवारी काठी बसलेल्याच बरगडीवर बसली. त्या लाथेबद्दल माझी तक्रार नाही.

तुम्ही उठलात. "फौजदारसाहेब, जरा बाहेर येता का?"

बाहेर पाच-सात मिनिटं बोललात. आत आलात तेव्हा तिमण्णा सुटला होता. तो निर्दोष होता म्हणून नाही. केस झाली असती तर रजिस्टर कोर्टात गेलं असतं, आणि गुरुवारी समितीला काय दाखवणार? रजिस्टर वाचवायला तुम्ही पोरगं सोडलंत. बगलेत रजिस्टर धरून तुम्ही ठाण्याच्या पायऱ्या उतरलात. तिमण्णाकडं बघितलंसुद्धा नाहीत.

मी त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि दवाखान्याकडं निघालो. तो मोडका हात छातीशी धरून होता. प्रत्येक खड्ड्याला त्याचा श्वास माझ्या पाठीवर आपटायचा.

"तू का म्हणालास सही तुझी म्हणून?" मी विचारलं.

तो म्हणाला, "मामा, फॉर्मची शेवटची तारीख शनिवार हाय न्हवं?"

"कसला फॉर्म?"

"परीक्षेचा. जुलैत बोर्डावर लिहिलं व्हतं, हजेरी न्हाई तर फॉर्म न्हाई. मी म्हटलं, गेलं वरीस. पण आज बघतो तर रोजची सही! ऑगस्टपासनं रोज! तवा कळलं, मॅडमनी माझं नाव धरून ठेवलंय. पोरगं आज ना उद्या येईल म्हणून." त्याच्या फुटक्या ओठांतून हसू आल्यासारखा आवाज आला. "न्हाई म्हटलो असतो तर मॅडम अडकल्या असत्या, आन माझा फॉर्म बी गेला असता. मार काय मामा, दोन दिसांचा. वरीस गेलं तर परत कोण देतंय?"

मी पायडल मारायचं विसरलो. सायकल आपोआप थांबली.

"एकशे बारा पानं खरंच झाल्यात," तो सांगत होता. "दुपारच्या सुट्टीत वाचतो. म्होरलं परीक्षेपतूर होतंय."

मी त्याला सांगितलं. सगळं. पाच पेनं, रविवार, डावा हात. रस्त्याच्या कडेला उभं राहून, त्याच्याकडं न बघता सांगितलं.

तो खाली उतरला. "मंजे मॅडमना ठावं न्हवतं?"

"नाही. त्यांनी तुला आणायला परवानगी मागितली होती."

"आन?"

"मिळाली नाही."

"मग माझंच नाव का घातलं?"

मी तुमचं वाक्य सांगितलं, साहेब. जसंच्या तसं. गेलेली पोरं विचारायला येत नाहीत.

त्यानं हाताकडं बघितलं. तीन बोटं तीन दिशांना होती. पोलिसांच्या मारानं जो ओरडला नव्हता, तो आता तोंड वासून रडायला लागला. मी खांद्यावर हात ठेवला तर त्यानं कोपरानं ढकलला. सायकल नाल्यात पडली. दवाखाना अर्धा किलोमीटर होता, तेवढा तो एकटा चालत गेला. मी मागून दहा पावलांवर.

शनिवारी तो फॉर्म भरायला आला नाही. कशानं भरणार? बोटं वाकडीच जुळली, पेन धरायची राहिली नाहीत. घण मात्र धरता येतो म्हणे. घणाला मूठ पुरते. महिन्याभरानं लायब्ररीच्या उंबऱ्यावर कुणीतरी अर्थशास्त्राचं पुस्तक ठेवून गेलं. पानांत दगडाची भुकटी, आणि एकशे बाराव्या पानाचा कोपरा दुमडलेला.

धनराजला दाखला मिळाला, तुमच्या सहीनं. समिती आली, रजिस्टरवर बोट ठेवून 'वा' म्हणाली, वरची श्रेणी देऊन गेली. मला दुसऱ्याच दिवशी काढलं. बनसोडे मॅडमनी तक्रार लिहिली, तर त्यांना कपाळावरच्या टाक्यांसकट दुसऱ्या गावी पाठवलं. चार वर्षांनी त्या वारल्या. निळी वही माझ्याकडं आहे. तिमण्णाच्या नावापुढं 'गेला' म्हणून त्यांनी शेवटपर्यंत रेघ मारली नव्हती.

आणि त्यांनी खिशात कोंबलेला तो कागदही आहे; ठाण्यात तो काढायचं राहूनच गेलं. घडीवर चिरलाय, पण वाचता येतो. 'कु. तिमण्णा धोत्रे, बी. ए. द्वितीय वर्ष, तीन आठवडे आलेला नाही. त्याच्या घरी परिचर दशरथ सोनटक्के यास एक दिवस पाठवण्याची परवानगी मिळावी.' खाली हिरव्या शाईत तुमचा शेरा, 'आवश्यकता नाही', आणि तुमची सही. खरी. ती मी केलेली नाही.

माझ्या रविवारांचं उत्तर मॅडमनी मागितलं होतं, ते मला देता आलं नाही. त्याची शिक्षा मी भोगतोय. आता मी तुम्हाला विचारतो. परत जाऊन भाषण करण्याआधी सांगा. सहा किलोमीटर होते, साहेब. सायकल माझी होती, घाम माझा होता, तुम्हाला एक होकार लिहायचा होता. कुणाची आवश्यकता नव्हती? सायकलची, पुस्तकाची, की तिमण्णाची?

उत्तर लेखी द्या. आणि खालची सही स्वतःच्या हातानं करा.